क्लॅटची तयारी इंदुरात राहून कशी करावी?

अन्नपूर्णा_रस्ता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी येत्या एप्रिलमध्ये अकरावीत जाईल. सीबीएसईची शाळा आहे, तिने मानव्य शाखा घेतली आहे आणि बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा हे तिने स्वतःहून ठरवले आहे. आमच्या घरात आजवर कोणी वकिली केलेली नाही, त्यामुळे विचारायला जवळचे माणूस नाही. घरात मराठी, शेजारी हिंदी आणि शाळेत इंग्रजी, असे इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत असते तसेच तिचे भाषेचे वातावरण आहे. भंवरकुआँच्या परिसरात चौकशी केली तर अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि राज्यसेवा यांच्याच वर्गांच्या पाट्या अधिक दिसतात; क्लॅटचे, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे, जे एक-दोन वर्ग सापडले, त्यांनी दोन वर्षांचे शुल्क एकदम भरण्याचा आग्रह धरला. पैसे भरण्यापूर्वी ही परीक्षा नेमके काय तपासते, हे मला समजून घ्यायचे आहे. कायदा आधीपासून येणे आवश्यक आहे का? मराठी घरातल्या मुलीला इंग्रजी उताऱ्यांची अडचण येईल का? आणि आम्ही मराठी असल्यामुळे महाराष्ट्रातील विधी विद्यापीठांत तिला काही सवलत मिळू शकते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सुखलिया_वाचक

परीक्षेचा आराखडा मी लिहितो, म्हणजे पुढच्या चर्चेला आधार मिळेल. क्लॅट २००८ साली सुरू झाली. आता राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ ती घेतो आणि देशातील सुमारे दोन डझन विद्यापीठांचे प्रवेश तिच्यावर होतात. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र यात नाही. ते आयलेट नावाची स्वतःची परीक्षा घेते. क्लॅट डिसेंबरमध्ये, रविवारी दुपारी, कागदावर होते. वेळ १२० मिनिटे, प्रश्न १२०, प्रत्येक बरोबर उत्तराला १ गुण आणि प्रत्येक चुकीला ०.२५ गुण वजा. विभाग पाच आहेत: चालू घडामोडी व सामान्य ज्ञान आणि कायदेविषयक तर्क यांचे प्रत्येकी २८ ते ३२ प्रश्न, इंग्रजी आणि तर्कशक्ती यांचे प्रत्येकी २२ ते २६ आणि गणिताचे १० ते १४. गणित दहावीच्या पातळीचे असते. बारावीत सर्वसाधारण गटाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के आवश्यक आहेत. शाखेचे बंधन नाही, वयाची वरची मर्यादाही नाही.

एक सूचना आवर्जून करतो. जुनी पुस्तके विकत घेऊ नका. २०१९ पर्यंत २०० प्रश्न असत आणि त्यांत पाठांतरावर चालणारे सामान्य ज्ञान भरपूर असे. २०२० पासून प्रश्न उताऱ्यांवर आले आणि संख्या १५० झाली. २०२४ च्या प्रवेशांपासून ती १२० आहे. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या जुन्या संचावर वर्षभर सराव केलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांचा अभ्यास खरा होता, पण तो आता न होणाऱ्या परीक्षेचा होता.

भोपाळ_वसतिगृह

काकू, मी इंदूरचीच आहे, घर लोकमान्यनगरात, आणि सध्या भोपाळच्या राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठात शिकते. आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

कायदा आधीपासून येण्याची आवश्यकता नाही. संघाने जाहीर केलेल्या माहितीतच तसे लिहिलेले आहे. कायदेविषयक तर्काच्या विभागात सुमारे ४५० शब्दांचा उतारा असतो, त्यात एखादे तत्त्व किंवा न्यायालयाची भूमिका मांडलेली असते आणि पुढच्या प्रश्नांत काल्पनिक प्रसंग दिलेले असतात. उताऱ्यातील तत्त्व त्या प्रसंगाला लावायचे, एवढेच काम असते; परंतु हे ‘एवढेच’ करताना चांगली हुशार मुले अडखळतात, कारण ती उताऱ्याबाहेरची माहिती आणि स्वतःची न्यायबुद्धी मध्ये आणतात.

एक उदाहरण मी स्वतः तयार करून देते. समजा, उताऱ्यात असे म्हटले आहे की, नोकराने कामाच्या ओघात केलेल्या हलगर्जीपणाने तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाले तर मालक जबाबदार असतो. नोकराने वाटेत किरकोळ फेरबदल केला तरी तो कामाच्या ओघातच धरला जातो. मात्र काम पूर्णपणे सोडून तो केवळ स्वतःच्या कारणासाठी निघाला असेल, तर तेवढ्या काळापुरता मालक जबाबदार नसतो. आता प्रसंग असा: छप्पन दुकानच्या एका मिठाईवाल्याने चालकाला माल घेऊन देवासला पाठवले. माल पोहोचवल्यावर चालक इंदूरकडे परतण्याऐवजी नातेवाइकाच्या लग्नासाठी उज्जैनला निघाला आणि उज्जैनजवळ त्याने एका सायकलस्वाराला धडक दिली. मिठाईवाला जबाबदार आहे का?

पर्यायांत एक असेल: ‘होय, कारण गाडी त्याच्या मालकीची आहे.’ दुसरा: ‘होय, कारण जखमी माणसाला भरपाई मिळालीच पाहिजे.’ तिसरा: ‘नाही, कारण त्याने चालकाला गाडी सावकाश चालवण्यास सांगितले होते.’ चौथा: ‘नाही, कारण चालक त्या वेळी केवळ स्वतःच्या कारणासाठी गेला होता.’ दुसरा पर्याय माणुसकीला धरून वाटतो आणि तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, तरी दोन्ही चूक आहेत. उताऱ्यात गाडीची मालकी, जखमीची गरज किंवा मालकाची ताकीद यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. आता प्रसंग थोडा बदला. चालक देवासमध्येच चहासाठी शेजारच्या गल्लीत वळला आणि तिथे अपघात झाला, तर तो किरकोळ फेरबदल ठरतो आणि मालक जबाबदार होतो. आणखी बदला: मालकाने वाटेत कुठेही न थांबण्याची स्पष्ट ताकीद दिली होती. ताकिदीचा काय परिणाम होतो हे उतारा सांगत नाही, म्हणून उत्तर बदलत नाही.

घरी सराव करताना एकाच उताऱ्यावर मुलीने स्वतः असे तीन-चार प्रसंग रचावेत. दुसऱ्याने रचलेले पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा स्वतः रचलेल्या पाच प्रश्नांतून तत्त्वाच्या कडा अधिक स्पष्ट दिसतात, असे माझे ठाम मत आहे.

आता वेळेविषयी. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा आणि तर्कशक्ती या चार विभागांत मिळून वीस उतारे धरले, तर नुसत्या उताऱ्यांचेच ९,००० शब्द होतात. मिनिटाला २०० शब्द या वेगाने ४५ मिनिटे वाचनातच जातात आणि १२० प्रश्नांसाठी ७५ मिनिटे उरतात. त्यामुळे ही परीक्षा मुख्यतः वाचनाची आहे: लांब, अपरिचित, कधी रुक्ष मजकूर एकदाच वाचून लेखकाचे म्हणणे, त्याचा आधार आणि त्याने न म्हटलेले यांतला भेद लक्षात ठेवण्याची. ही सवय शेवटच्या सहा महिन्यांत लागत नाही. अकरावीचे पूर्ण वर्ष आपल्या हातात आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

अन्नपूर्णा_रस्ता

तुझे मनापासून आभार. तुझा प्रसंग मी आज मुलीला वाचून दाखवला. तिने दुसराच पर्याय निवडला आणि त्यावर बराच वेळ वाद घातला की, सायकलस्वाराला वाऱ्यावर सोडणे न्याय्य कसे? तिला कायद्याकडे ओढणारी गोष्टच हीच आहे की अन्याय झालेल्या माणसाला दाद मिळावी. ही वृत्ती परीक्षेसाठी बाजूला ठेवायला सांगताना मला अवघड जाते.

महात्मा_गांधी_मार्ग

मी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात वकिली करतो. ताई, ती वृत्ती मुळीच बाजूला ठेवू देऊ नका. तिला फक्त जागा दाखवून द्या. न्यायालयातही आम्ही आधी कायदा काय म्हणतो ते मांडतो आणि त्यानंतरच तो तसा का असू नये, हे सांगतो. पहिली पायरी गाळून दुसरीवर उभे राहता येत नाही.

याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. शाहबानो प्रकरण १९७८ साली इंदूरच्या न्यायालयात सुरू झाले. घराबाहेर काढलेल्या वृद्ध पत्नीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली आणि त्याच वर्षी पुढे पतीने तिला घटस्फोट दिला. येथील दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये मंजूर केले, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली आणि एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने पतीचे अपील फेटाळले. १९८६ मध्ये संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला. शाहबानो यांची बाजू मांडणारे वकील दानियाल लतीफी यांनीच त्या कायद्याला आव्हान दिले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, परंतु त्याचा अर्थ असा लावला की इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतरच्या ठरावीक प्रतीक्षाकाळाच्या, मुदतीतच पतीने पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. जुलै २०२४ मध्ये, तेलंगणातून आलेल्या एका प्रकरणात, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्गही खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. आता तेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ व्या क्रमांकावर आहे, आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे की, ‘चालू घडामोडी’ या विभागाची तयारी कशी करावी, याचे उत्तर यात आहे. २०२४ च्या जुलैमधील बातमी वर्तमानपत्रात एका रकान्याची असते. जी मुलगी तेवढीच वाचून तारीख पाठ करते, तिला एका प्रश्नाचे उत्तर येईल. जी त्या बातमीवरून २००१ मध्ये, १९८६ मध्ये, १९८५ मध्ये आणि शेवटी आपल्या शहरातल्या न्यायालयापर्यंत मागे जाते, तिला उताऱ्याखालचे सगळे प्रश्न सोडवता येतील, कारण या विभागात उतारा बातमीचा असतो आणि प्रश्न बहुधा तिच्या पार्श्वभूमीवर असतात. शिवाय प्रत्येक पायरीवर न्यायालयाने कोणत्या शब्दांचा आधार घेतला हे पाहिले, तर दाद मिळावी ही तुमच्या मुलीची इच्छा कायद्याच्या मजकुरातून कशी पुढे सरकते, तेही तिला दिसेल. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठी आणि हिंदी भाषांतरे आता संकेतस्थळावर मिळतात. आधी मराठीत आशय समजून घेऊन मग मूळ इंग्रजी वाचणे, ही घरच्या भाषेची मदत तिने निःसंकोच घ्यावी.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मराठी मातृभाषा असल्याने महाराष्ट्रात कोणतीही सवलत मिळत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राखीव जागा आहेत त्या महाराष्ट्राच्या अधिवासाशी निगडित आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या तीन-चार पिढ्या होळकरांच्या काळापासून इथेच गेल्या आहेत. आपली मुले तिथे अखिल भारतीय जागांवरच स्पर्धा करतात. उलट मध्य प्रदेशाच्या रहिवाशांसाठी भोपाळला आणि जबलपूरच्या धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात राखीव जागा आहेत. ती आपली खरी संधी आहे. त्यासाठी स्थानिक निवासी प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रातून आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी असते आणि मुदती थोड्या असतात.

ग्वाल्हेर_गणित

मी ग्वाल्हेरला शाळेत गणित शिकवतो. क्लॅट देणारी बहुतेक मुले दहावीनंतर गणित सोडून देतात आणि हे १०-१४ प्रश्न नशिबावर टाकतात. तसे करू नये. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, क्षेत्रफळ आणि तक्त्यांचे वाचन एवढाच भाग आहे, आणि उत्तर बरोबर आहे याची खात्री परीक्षागृहातच पटते असा हा एकमेव विभाग आहे. रोज वीस मिनिटे पुरतात.

वजा गुणांविषयी मुले भीतीने किंवा उत्साहाने वागतात, म्हणून हिशोबच मांडतो. चार पर्यायांपैकी डोळे मिटून खूण केली, तर सरासरीने चार प्रश्नांत एक बरोबर येतो: १ गुण मिळतो, तीन चुकांचे ०.७५ जातात, चार प्रश्नांमागे ०.२५ उरतो. हा लाभ इतका किरकोळ आहे की प्रत्यक्षात तो तोटाही होऊ शकतो. परंतु दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर चार प्रश्नांत दोन बरोबर धरून २ मिळतात आणि ०.५ जातो, म्हणजे १.५ उरतो. म्हणून नियम असा ठेवावा की, दोन पर्याय बाद झाले तर उत्तर द्यावे आणि एकही बाद होत नसेल तर पुढे जावे. एकच बाद झाला असेल तेव्हा उरलेल्या वेळेकडे पाहून निर्णय घ्यावा.

विजयनगर_पालक

वरील सर्व मान्य करूनही मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझा मुलगा दोन वर्षे वर्गाला गेला आणि त्याचा त्याला निश्चित उपयोग झाला. घरी वाचणारे मूल नियमित वाचेलच असे नाही, आणि आजूबाजूला कोणीच या परीक्षेचा अभ्यास करत नसेल तर ते एकटे पडते. शाळेतील त्याचे सर्व मित्र जेईईच्या मागे होते. वर्गात त्याला बोलायला माणसे मिळाली. वाचन पुरेसे आहे असे म्हणताना, ज्या घरात शिस्त लावायला कोणाला सवड नाही त्या घरांचाही विचार करावा.

भोपाळ_वसतिगृह

काका, आपले म्हणणे मला पटते आणि सोबतीचा मुद्दा मी लिहायला हवा होता इतका तो मोलाचा आहे. माझा आक्षेप वर्गाला नाही, अकरावीच्या पहिल्याच महिन्यात दोन वर्षांचे शुल्क एकदम भरण्याला आहे. वर्ग ज्या गोष्टी देतो त्यांतील वेळ लावून घेतलेल्या सराव चाचण्या आणि त्यांतील तुलनात्मक क्रमांक या दोन गोष्टी घरी मिळत नाहीत. त्या बारावीच्या वर्षात चाचण्यांच्या मालिकेतून स्वतंत्रपणे, पुष्कळ कमी पैशांत घेता येतात. अकरावीत मात्र वाचनच करायचे असते, आणि ते कोणीही दुसरा आपल्या वतीने करू शकत नाही.

चाचण्यांविषयी आणखी थोडे. चाचणी दोन तासांची असेल तर तिच्या तपासणीला किमान तेवढाच वेळ द्यावा. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहावे: उतारा नीट वाचला नाही, उताऱ्याबाहेरचे गृहीत धरले, प्रश्नातील ‘नाही’ हा शब्द निसटला, माहितीच नव्हती, की घाई झाली. महिनाभराने वही उघडली की एकच कारण पुन्हा पुन्हा आलेले दिसते आणि पुढच्या महिन्याचा अभ्यास त्यावर ठरवता येतो. बरोबर आलेली पण अंदाजाने दिलेली उत्तरेही याच तपासणीत घ्यावीत. ती सहसा राहून जातात.

वेळेची माझी वाटणी साधारण अशी होती: चालू घडामोडींना १५ मिनिटे, कायद्याला ३५, इंग्रजीला २५, तर्कशक्तीला २८, गणिताला १२ आणि उरलेली ५ मिनिटे ओएमआर पत्रिकेवरील, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवरील, खुणा तपासायला. चालू घडामोडी आधी घ्याव्यात, असे मला वाटते. तिथे उत्तर येते किंवा येत नाही, विचार करून ते सापडत नाही, त्यामुळे वाचलेला वेळ कायद्याला मिळतो. समान गुण झाल्यास आधी कायदेविषयक तर्काचे गुण पाहिले जातात, हेही लक्षात ठेवावे.

सेंधवा_विद्यार्थी

मी बारावीत आहे. शाळा हिंदी माध्यमाची, घरी आम्ही मराठी बोलतो. वरची चर्चा वाचून उमेद वाटली आणि भीतीही वाटली, कारण ४५० शब्दांचा इंग्रजी उतारा वाचायला मला आज फार वेळ लागतो. क्लॅटचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, हे मला गेल्या वर्षीपर्यंत माहीतच नव्हते. माझ्यासारख्याने प्रयत्न करावा का? घरची परिस्थिती मोठे शुल्क भरण्याची नाही.

महात्मा_गांधी_मार्ग

बाळा, प्रयत्न अवश्य कर, आणि केवळ याच एका दारावर अवलंबून राहू नकोस. फक्त इंग्रजीत होणारी परीक्षा हिंदी किंवा मराठी माध्यमाच्या मुलांची तर्कबुद्धी पूर्णपणे मोजत नाही, हे माझे प्रामाणिक मत आहे. जिल्हा न्यायालयांत साक्षी हिंदीत होतात, तिथे येणारा पक्षकार हिंदी, निमाडी, मालवी बोलतो, आणि त्यांचे वकील तयार करणाऱ्या संस्थांचे प्रवेशद्वार एकाच भाषेत उघडते. इतर भाषांतही ही परीक्षा व्हावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा बार कौन्सिलनेही, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेनेही, त्या मागणीला अनुकूलता दर्शवली होती. पण तुला परीक्षा द्यायची आहे ती आजच्या स्वरूपात.

दोन मार्ग सांगतो. महाराष्ट्राची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, इंग्रजीबरोबर मराठीतही असते आणि तिच्यात चुकीला गुण वजा होत नाहीत. मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचे १९२४ सालचे आयएलएस याच परीक्षेने प्रवेश देतात. राज्याबाहेरच्यांना जागा मर्यादित आहेत, तरी शुल्क राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या तुलनेत बरेच कमी असते. दुसरा मार्ग म्हणजे इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाची विधी अध्ययनशाळा किंवा शासकीय विधी महाविद्यालय. इथून शिकलेले वकील खंडपीठात रोज उत्तम युक्तिवाद करताना मी पाहतो. पदवी कुठलीही असो, वकिलीच्या सनदेसाठी राज्य बार कौन्सिलची नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा सगळ्यांना सारखीच आहे. न्यायाधीश व्हायचे मनात असेल तर एवढे ध्यानात ठेव की, मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. तेव्हा कोणत्याही महाविद्यालयातून गेलास तरी आधी न्यायालयात उभे राहायचेच आहे.

भोपाळ_वसतिगृह

सेंधव्याच्या भावाला आणखी एक सांगते. आयडिया नावाची संस्था आहे. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ती २०१० साली सुरू केली, आणि साधने नसलेल्या मुलांना क्लॅटसाठी तयार करून पुढे शिक्षणातही साहाय्य करणे हेच तिचे काम आहे. विधी विद्यापीठांतील विद्यार्थीच तिच्यात शिकवतात. तिच्याशी आवर्जून संपर्क साध. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वसतिगृहासह खर्च वर्षाला दोन लाखांच्या पुढे जातो हे खरे आहे, पण शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांवर शिकणारी अनेक मुले इथे माझ्यासोबत आहेत. केवळ या आकड्याला घाबरून अर्ज भरायचे थांबू नकोस.

वाचनाचा वेग वाढवण्यासाठी रोज एकच इंग्रजी संपादकीय घे. आधी वेळ न लावता वाच आणि प्रत्येक परिच्छेदाचा आशय एका मराठी किंवा हिंदी वाक्यात लिही. आशय बरोबर येऊ लागला की मगच घड्याळ लाव. बरेच जण उलट करतात आणि न समजता वेगाने वाचायला शिकतात. अनोळखी शब्द लगेच शब्दकोशात न पाहता आधी वाक्यावरून अर्थ ठरव, कारण परीक्षेत तेच करायचे असते. विधेयकांविषयी वाचायचे असेल तर पीआरएस या संसदीय कामकाजावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील सारांश साध्या इंग्रजीत आणि दोन-तीन पानांचे असतात. सुरुवातीला ते संपादकीयांपेक्षाही सोपे जातात.

सेंधवा_विद्यार्थी

ताई आणि वकीलसाहेब, आपले उपकार आहेत. मी क्लॅट आणि महाराष्ट्राची सीईटी असे दोन्ही अर्ज भरेन.

विजयनगर_पालक

एक व्यावहारिक बाब राहिली. परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला आणि बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीपासून, त्यामुळे गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ चाचण्यांचा असतो आणि त्याच वेळी शाळेच्या सहामाही व पूर्वपरीक्षा येतात. बारावीचा अभ्यासक्रम उन्हाळ्याच्या सुट्टीत जितका पुढे नेता येईल तितका न्यावा. अर्ज ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. तात्पुरती उत्तरतालिका आल्यावर हरकत घेण्याची मुदत थोडी असते, ती चुकवू नये. २०२५ च्या प्रवेशांच्या परीक्षेतील उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला होता, म्हणजे तालिका नेहमीच अचूक असते असे धरून चालू नये.

अन्नपूर्णा_रस्ता

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्यामुळे निर्णय सोपा झाला. अकरावीचे वर्ष घरी वाचन, रोज थोडे गणित आणि आठवड्यातून काही उतारे असे ठेवू. बारावीत चाचण्यांची मालिका घेऊ आणि सोबत म्हणून मुलीच्या शाळेतील आणखी दोघी तयार झाल्या तर शनिवारी आमच्याच घरी एकत्र बसतील. वकीलसाहेब, शाहबानो प्रकरणाबद्दल वाचल्यापासून ती २००१ च्या निकालाच्या मागे लागली आहे. मराठीतून आशय समजून घेऊन ती त्याचा एका पानात इंग्रजी सारांश लिहिणार आहे. तो आपण पाहू शकाल का?

महात्मा_गांधी_मार्ग

जरूर पाठवा. तिचे इंग्रजी मी सुधारणार नाही, ते वाचनाने आपोआप सुधारेल. तिने लिहिलेले प्रत्येक विधान निकालाच्या कोणत्या परिच्छेदात आहे, तो क्रमांक समासात लिहून पाठवायला सांगा. ज्या वाक्यापुढे क्रमांक लिहिता येणार नाही ते तिचे स्वतःचे मत आहे असे समजून ते वेगळ्या परिच्छेदात, शेवटी लिहावे. तेही मी वाचेन, आणि सायकलस्वाराविषयी तिचे काय म्हणणे आहे तेही तिने मला कळवावे.